मिसळ न खाण्याचा हक्क

स्वातंत्र्य ही अत्यंत मौल्यवान वस्तू आहे आणि मौल्यवान वस्तू उघड्यावर ठेवू नये, हे कोणताही समंजस माणूस मान्य करील. ती कपाटात ठेवावी, कपाटाला कुलूप असावे आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. इंदिरानगरमधल्या समभाव गृहनिर्माण संस्थेत ही किल्ली चेअरमन रविराज सानप यांच्याकडे होती. (किल्ली हा इथे केवळ अलंकार आहे. खऱ्या किल्ल्यांचा जुडगा वॉचमन पुंजाकडे असे.)

समभाव सोसायटीत छत्तीस सदनिका आणि एक लिफ्ट आहे. सहा वर्षांपूर्वी या लिफ्टच्या दुरुस्तीवरून सोसायटीत दोन गट पडले. ते पुन्हा एक व्हावेत म्हणून सानपांनी दर रविवारी सकाळी साडेआठला पार्किंगमध्ये सामुदायिक मिसळ सुरू केली. योजना पूर्ण यशस्वी झाली. लिफ्ट अजून दुसऱ्या मजल्यावर अडकते, पण आता तिच्याविषयी सगळे एकत्र बसून बोलतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, शेव, भाजलेला पापड, दही आणि शेवटी जिलबी, असा बेत असे. ज्याने तो एकदा खाल्ला तो पुढच्या रविवारी आपल्या पायाने येई. जो येत नसे त्याला आणायला माणसे जात.

दोनशे तीन नंबरमध्ये झुंबरराव खैरनार राहत. नाशिक रोडला स्टेशनातल्या टपाल कचेरीत त्यांनी चौतीस वर्षे पत्रांची वर्गवारी केली. कोणते पत्र कोणत्या खणात जाते हे त्यांना झोपेतही सांगता येई. निवृत्तीनंतर आपल्याला कोणी कोणत्याच खणात टाकू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. स्वभावाने ते असे होते की रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत वळवली, तर त्याला वाईट वाटू नये म्हणून तिथेच उतरून चालत घरी येत.

झुंबररावांना मिसळ आवडत नसे.

हे वाक्य वाचायला सोपे आहे. नाशिकमध्ये उच्चारायला तितके सोपे नाही. झुंबररावांनी ते सहा वर्षे उच्चारले नाही. दर रविवारी ते वाटी हातात घेत, पावाचा एक तुकडा बुडवून इकडेतिकडे बघत, आणि योग्य वेळी पत्नी सुमनबाईंच्या वाटीशी वाटी बदलत. सुमनबाई दोन मिसळी खात आणि तक्रार करत नसत. मग झुंबरराव वर येऊन दुधात पोळी कुस्करून खात. फक्त ती दूधपोळी साडेआठलाच, गॅलरीत, पुस्तक उघडून खाता आली असती तर आयुष्याबद्दल त्यांचे काही म्हणणे उरले नसते.

हा विषय कायमचा दबून राहिला असता, पण सव्वीस नोव्हेंबर आला. सानपांनी संविधानाची उद्देशिका फ्रेम करून आणली होती. ती लिफ्टशेजारी, 'येथे सायकली लावू नयेत' या पाटीच्या खाली लावण्यात आली. (वर जागा होती. पण पाटी आधीची होती.) त्या दिवशी पार्किंगमध्ये उद्देशिकेचे सामुदायिक वाचन झाले. विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य, असे सगळे एका सुरात म्हणाले. झुंबररावही म्हणाले. त्यांची अडचण अशी की ते जे वाचतात ते त्यांना खरे वाटते. ही खोड त्यांना लहानपणापासून आहे.

वाचनानंतर मिसळ आली. झुंबररावांपुढे वाटी धरली गेली आणि त्यांच्या तोंडून निघून गेले, "नको. मला मिसळ आवडत नाही."

कोणीतरी हातातला पापड मोडायचा थांबला.

"ॲसिडिटी का, काका?" सानपांनी हळूच विचारले.

"नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही हो. नुसती आवडत नाही."

"नुसती म्हणजे?"

झुंबररावांनी खूप विचार केला. "नुसती म्हणजे नुसती," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटले की आपण फार बोललो.

दुसऱ्या एखाद्या सोसायटीत अशा माणसाला टोमणे मारले असते. समभाव सोसायटी त्यातली नव्हती. सानपांनी तिथल्या तिथे जाहीर केले, "ही सोसायटी संविधानावर चालते. आपण अल्पसंख्याकांना चिरडत नाही. आपण त्यांची नोंद करतो."

सेक्रेटरी उज्वलाताई बोरस्ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी त्याच संध्याकाळी नवे रजिस्टर आखले. आठवड्याभरात विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. विषय एकच: अल्पसंख्याकांचे हक्क बहुमताने ठरवणे.

सभेला विक्रमी उपस्थिती होती. सोसायटीत एक सदनिका, एक मत अशी पद्धत आहे. झुंबरराव उभे राहून म्हणाले की मला हक्क वगैरे काही नको, मी फक्त रविवारी वर राहीन. त्यांच्या साधेपणाचे टाळ्या वाजवून कौतुक झाले. मतदानाच्या वेळी मात्र त्यांना हात खाली ठेवायला सांगितले, कारण हक्क त्यांचेच असल्यामुळे ते हितसंबंधी ठरत होते. ठराव पस्तीस विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. अल्पसंख्याकांच्या बाजूने इतके मोठे बहुमत कुठे पडल्याचे उज्वलाताईंच्या ऐकिवात नव्हते.

मिळालेले हक्क पुढीलप्रमाणे होते.

एक. श्री. खैरनार यांना मिसळ न खाण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य राहील. हे स्वातंत्र्य त्यांनी प्रत्यक्ष हजर राहून, सर्वांसमक्ष उपभोगावे. (घरी बसून मिसळ न खाणे कोणालाही जमेल. ते स्वातंत्र्य आहे की आळस, हे ठरवणार कसे?)

दोन. त्यांच्या प्रतिष्ठेस बाधा येऊ नये म्हणून त्यांना पार्किंगच्या मध्यभागी स्वतंत्र खुर्ची मिळेल. खुर्चीच्या पाठीवर 'संरक्षित' असे लिहिलेले असेल.

तीन. त्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य राहील. दर रविवारी तीन मिनिटे ते मिसळीविषयीची नावड व्यक्त करू शकतील, मात्र त्याने मिसळ खाणाऱ्यांच्या भावना दुखावता कामा नयेत.

चार. त्यांना या हक्काचे प्रमाणपत्र मिळेल, ते दर तीन महिन्यांनी नवे करावे. हक्काचा गैरवापर टाळण्यासाठी त्या वेळी समितीसमोर एक चमचा मिसळ खाऊन ती खरोखरच आवडत नसल्याची पडताळणी होईल.

पाचवे कलम जिलबीविषयी होते. ते राखून ठेवले.

सभा संपल्यावर पुंजाने झुंबररावांना गाठले. तो सुरगाण्याकडचा, पन्नाशीचा, आणि बारा वर्षे गेटवर असल्यामुळे सोसायटीतल्या बऱ्याच गोष्टी त्याने बसून पाहिलेल्या होत्या.

"काय ठरलं, बाबा?"

"मला मिसळ न खाण्याचा हक्क दिला."

पुंजाने तंबाखू मळत थोडा विचार केला. "आमच्याकडं नागलीची भाकर ज्याला नाय खायची, तो नाय खात. त्याचा ठराव नाय करत."

"तुमच्याकडे मग हक्क नाहीत का?"

"नाय बा," पुंजा कबूल झाला. "भाकर हाय."

पुढचे रविवार संरक्षणात गेले. साडेआठला पुंजा खुर्ची मांडी आणि झुंबरराव तिच्यावर बसत. त्यांच्याभोवती पस्तीस कुटुंबे मिसळ खात आणि मधूनमधून त्यांच्याकडे अभिमानाने बघत. कोणाकडे पाहुणे आले की त्यांना खुर्चीपर्यंत आणले जाई. "हे आमचे काका. हे मिसळ खात नाहीत. आम्ही काही म्हणत नाही." पाहुणे झुंबररावांशी हात मिळवत, काही जण फोटो काढत. दोन महिन्यांत एकूण एकशे बारा पाहुण्यांनी त्यांना पाहिले. पैकी एकाहत्तर जणांनी "नुसती म्हणजे?" असे विचारले आणि चाळिसांनी आपल्या माहितीतला ॲसिडिटीचा उपाय सांगितला. उरलेला एक वर्षाचा होता.

तीन मिनिटांच्या अभिव्यक्तीचे त्यांना फार दडपण येई. पहिल्या रविवारी ते उभे राहून म्हणाले, "मिसळ चांगलीच असते. माझंच काहीतरी चुकत असेल." हे भाषण सर्वांना इतके आवडले की पुढे दर रविवारी त्यांना तेच करायला सांगत.

फेब्रुवारीत पहिली पडताळणी झाली. उज्वलाताईंनी टेबल मांडले, चमचा पुढे केला आणि पेन उघडले. झुंबररावांनी चमचा तोंडात घातला, कसाबसा गिळला, आणि समोरच्या बाईला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून सवयीने हसले.

उज्वलाताईंचे पेन थांबले. "काका, तुम्ही हसलात."

"तसं नाही, ते आपलं..."

"मी काय लिहू आता? रकाना आहे, 'मुद्रा'. त्यात हसरी असं लिहिलं तर प्रमाणपत्र जाईल तुमचं. तोंड जरा नीट वाकडं करा ना. मला वर रिपोर्ट पाठवायचा आहे."

वर म्हणजे कुठे, हे कोणी विचारले नाही. उज्वलाताईंनी आयुष्यभर वर रिपोर्ट पाठवले होते. निवृत्त झाल्यावर 'वर' नाहीसे झाले असेल, हे त्यांना पटत नसे. त्यांनी 'संशयास्पद' असा शेरा मारून एक महिन्याची मुदत दिली. मुदतीत नावड सिद्ध न झाल्यास श्री. खैरनार हे सामान्य मिसळ खाणारे समजले जातील आणि त्यांना दोन वाट्या सक्तीच्या राहतील.

झुंबरराव त्या दिवसापासून आरशासमोर उभे राहू लागले. भुवया आवळून बघितल्या, जीभ बाहेर काढून बघितली. सुमनबाईंनी दोन दिवस सहन केले.

"अहो, एवढं काय त्यात? माझ्या दुधी भोपळ्याच्या भाजीला जे तोंड करता तेच करा."

"मी तसं तोंड करतो?"

"एकेचाळीस वर्षं करताय. मला कोणी खुर्ची दिली का?"

महिन्याने झुंबरराव भोपळ्याचे तोंड करून उत्तीर्ण झाले. रकान्यात 'समाधानकारक' असे आले.

इथवर सर्व ठीक होते. अडचण खुर्चीमुळे आली. मार्चच्या अखेरीस ऊन चढले आणि सगळ्यांच्या लक्षात आले की पार्किंगमध्ये पंखा एकच आहे आणि तो बरोबर मध्यभागी आहे. पंख्याखाली बसलेला माणूस संरक्षित होता आणि त्याच्या संरक्षणासाठी पस्तीस कुटुंबे उभ्याने घाम पुसत होती. एकशे चारच्या तेजल पवारांनी प्रथम अर्ज दिला: त्या मिसळीत दही घालत नाहीत. अर्ज मंजूर करावाच लागला, कारण उज्वलाताईंनी म्हटल्याप्रमाणे कायद्यापुढे सगळ्या नावडी समान आहेत. दुसरी खुर्ची आली.

मग अर्जांची रीघ लागली. पापड मोडून न खाणारे. लिंबू पिळून बी काढणारे. घरात चप्पल घालून फिरणारे. दुपारी झोप न लागणारे. चहा बशीतून पिणारे, आणि त्यांच्या शेजारी, चहा बशीतून पिणाऱ्यांचा आवाज सहन न होणारे. तीनशे एकमध्ये नवरा एका गटात आणि बायको दुसऱ्या गटात नोंदली गेल्यामुळे घरात कोणाचेच बहुमत राहिले नाही, आणि टीव्हीचा रिमोट तीन आठवडे टेबलावर तसाच पडून होता. लिफ्टची भीती वाटणाऱ्यांच्या गटात इतके अर्ज आले की तो अल्पसंख्य कसा, असा प्रश्न निघाला. तेव्हा मजल्यानुसार त्याचे चार गट केले. उज्वलाताईंनी स्वतःला 'बिनसाखरेचा चहा' या गटात नोंदवून घेतले आणि अर्जावर स्वतःच सही केली. पंखे आणखी चार बसवले.

मेच्या पहिल्या रविवारचे आकडे असे होते. एकूण सदनिका छत्तीस. अल्पसंख्य पस्तीस. बहुसंख्य एक.

हा एक म्हणजे रविराज सानप. त्यांना मिसळ आवडे, दही चाले, पापड मोडून खात, लिफ्टची भीती नव्हती आणि दुपारी झोप उत्तम लागे. त्यांच्यात काहीच वेगळे नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे शोधले. बायकोलाही विचारले. ती म्हणाली, तुमच्यात वेगळं काही असतं तर मला लग्नाआधी कळलं असतं.

आता रविवारी साडेआठला पार्किंगमध्ये पस्तीस खुर्च्या भरलेल्या असत, आणि पातेल्याशेजारी सानप एकटे उभे राहून मिसळ खात. बाकीच्यांना खावीशी वाटत नसे असे नाही. पण प्रत्येकाला आपापले प्रमाणपत्र सांभाळायचे होते, आणि खाताना एखाद्या वेळी चुकून मजा वाटली तर उज्वलाताईंची नजर तीक्ष्ण होती. तेव्हा जोखीम कोणी घेत नसे. लोक घरून डबे आणत. झुंबररावही दुधाची वाटी घेऊन येत. बहुसंख्याकांची परंपरा टिकवायची म्हणून सानप एकटे पाच-पाच वाट्या संपवत. मेच्या अखेरीस पाहुणे त्यांच्याकडेही आणले जाऊ लागले. "हे आमचे चेअरमन. हे अजून मिसळ खातात."

त्यांनी अल्पसंख्याक दर्जासाठी अर्ज केला. उज्वलाताईंनी तो खेदपूर्वक परत पाठवला. सानप बहुसंख्य होते, आणि तेही अल्पसंख्य झाले तर अल्पसंख्याकांचे रक्षण करायला मागे कोणीच उरणार नाही, असे त्यांनी कारण दिले. हे कारण बिनतोड होते. उलट, याच सुमारास सदस्यांकडून तक्रारी आल्या होत्या की रविवारी सकाळी बहुसंख्याकांच्या पातेल्यातून वास येतो आणि तो पस्तीस अल्पसंख्याकांच्या भावनांना लागतो. विशेष सभा लागली. विषय: सोसायटीच्या आवारात, तसेच दार उघडे ठेवून सदनिकेत, मिसळ करण्यास व खाण्यास बंदी.

सभेच्या आदल्या संध्याकाळी दोनशे तीनची बेल वाजली. दारात सानप होते. बराच वेळ ते चप्पल काढत राहिले.

"काका, उद्या तुम्ही एक शब्द बोललात तर लोक ऐकतील. तुम्ही पहिले."

"मी काय बोलू?"

"मला कोणाला त्रास द्यायचा नाही. रविवारी खाली यावं, एक वाटी खावी, वर जावं. एवढंच. कारण काही नाही. आवडते. नुसती."

सुमनबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. या माणसाला काय हवे आहे हे साऱ्या इंदिरानगरात आपल्याइतके कोणालाच ठाऊक नाही, हे झुंबररावांना स्वच्छ दिसले. ते म्हणाले, "बोलतो मी. तुम्ही काळजी करू नका." सानपांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. ते गेल्यावर झुंबरराव रात्री बारापर्यंत भाषण लिहीत बसले. चांगले झाले होते. सुमनबाईंना वाचून दाखवले तर त्यांनी डोळ्याला पदर लावला.

सभेत सूचक आणि अनुमोदक झाले. हितसंबंधी असल्यामुळे सानपांना हात खाली ठेवायला सांगितले. उज्वलाताईंनी विचारले, "कोणाला काही बोलायचं आहे?"

झुंबररावांचा हात खिशातल्या कागदावर होता. त्यांनी उजवीकडे बघितले, डावीकडे बघितले. सगळे समोर बघत होते. सहा वर्षे आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे कोणीही बघत नव्हते. काय सुख होते ते. दूधपोळीतसुद्धा इतके नव्हते. आता उठले की पस्तीस माना वळणार, कोणीतरी "नुसती म्हणजे?" असे विचारणार, आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून.

"नाही? मग ठरावाच्या बाजूने हात वर करा."

झुंबररावांनी खिशातून हात काढला. त्याचे पुढे काय करायचे हे अजून ठरायचे होते, पण बाहेर आलेल्या हाताला कुठेतरी जावे लागतेच. तो वर गेला. वर बरीच गर्दी होती आणि त्या गर्दीत तो अगदी आपल्या घरी असल्यासारखा राहिला.

पस्तीस विरुद्ध शून्य.

सानपांनी ठरावावर चेअरमन म्हणून सही केली. आता ते रविवारी सकाळी दार, खिडक्या आणि व्हेंटिलेटर बंद करून बसतात. आत काय चालते हे सांगता येत नाही. पुंजा म्हणतो, पंखा लावल्याचा आवाज येतो.

सभेनंतरच्या आठवड्यात एक गोष्ट घडली. झुंबरराव खाली जाऊन उज्वलाताईंना म्हणाले, की मनातून माझा विरोध होता. त्याची कुठे नोंद करता येईल का? उज्वलाताईंनी 'मनातून विरोध असलेले' असा नवा गट उघडून त्यांचे नाव पहिल्या ओळीवर घातले. संध्याकाळी तेजल पवार आल्या. त्यांचाही मनातून विरोध होता. मग तीनशे एकचे नवरा-बायको आले आणि पहिल्यांदाच एका गटात, एकाच ओळीवर बसले. आठवड्याच्या शेवटी रजिस्टरात पस्तीस नावे झाली. शेवटचे उज्वलाताईंचे होते.

हे वाचत असताना तुम्ही झुंबररावांच्या बाजूने होता, नंतर सानपांच्या बाजूने झालात, आणि मघाशी तो हात वर गेला तेव्हा 'मी असतो तर उठून बोललो असतो' असे तुमच्या मनात येऊन गेले. ही भावना अत्यंत उदात्त आहे आणि तिचे संरक्षण झालेच पाहिजे. रजिस्टर सोमवार ते शनिवार, चार ते सहा, पार्किंगमध्ये उघडे असते. छत्तिसावी ओळ रिकामी आहे. पेन दोरीला बांधलेले आहे.